आठवी-नववीतल्या मुलींना सलूनने कृत्रिम नखे बसवून द्यावीत का?

नखकार_ठाणे

ठाण्यात माझे नखांचे छोटे सलून आहे. दोन टेबले, एक सहकारी मुलगी आणि मी, असा गेल्या सात वर्षांचा आमचा व्याप आहे. नुकत्याच घडलेल्या एका प्रसंगामुळे जो प्रश्न मनात घर करून बसला आहे, तो या व्यवसायातल्या आणि व्यवसायाबाहेरच्याही मंडळींसमोर मांडते.

गेल्या आठवड्यात एक बाई आठवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या मावशीचे लग्न तोंडावर आले होते आणि तिला अ‍ॅक्रिलिकची (द्रव आणि पावडर मिसळून चढवलेल्या, कडक होणाऱ्या थराची), बदामी आकाराची, चांगली लांब नखे हवी होती. आईची पूर्ण संमती होती. किंबहुना वेळ आईनेच फोन करून ठरवली होती. मी मुलीचा हात टॉवेलवर घेतला आणि नखे पाहिली. ती दातांनी कुरतडून जिव्हाळीपर्यंत गेलेली होती, दोन बोटांच्या कडेला नखुरडे होऊन नुकते सुकले होते, आणि डब्यातली सर्वांत लहान मापाची टिप, म्हणजे लांबीसाठी चिकटवायचे प्लास्टिकचे तयार नख, करंगळीवर ठेवून पाहिली तर ती दोन्ही बाजूंनी कातडीवर चढत होती. टिप घासून अरुंद करता आली असती, हे खरे. पण तेवढ्याशा नखावर त्याच्या दुप्पट लांबीची टिप चिकटवायची, त्यावर अ‍ॅक्रिलिक चढवायचे आणि मग त्या मुलीने शाळेत बाक सरकवायचे, दप्तराची चेन ओढायची, खो-खो खेळायचे, हे डोळ्यांसमोर आले आणि मी नाही म्हटले. नखे घासून नीट आकार देते, हाताला मालिश करते आणि साधे नेलपॉलिश लावून देते, असे सुचवले. बाईंना ते लागले. "पलीकडच्या गल्लीत करून देतात, तुम्हीच का अडवता?" असे म्हणून त्या मुलीला घेऊन निघून गेल्या. मुलगी काहीच बोलली नाही. फक्त दारातून वळून भिंतीवरच्या नमुन्यांकडे तिने एकदा पाहिले.

नटण्याची हौस वाईट आहे, असे मला मुळीच वाटत नाही. लग्नघरात सहा वर्षांच्या मुलीच्या हातावरही आपण कौतुकाने मेंदी काढतो, मग नखांनीच काय घोडे मारले आहे? माझी अडचण वेगळी आहे. हे काम रसायनांचे आणि घासण्याचे आहे, ते कोवळ्या नखांवर करावे की नाही, आणि नाही म्हणायचे तर ती रेघ कोणत्या वयाला ओढावी, हे मला कोणीही शिकवलेले नाही. माझ्या प्रशिक्षणात आकार देणे, रंग लावणे आणि थर पक्का चिकटवणे शिकवले गेले. गिऱ्हाइकाचे वय हा विषयच निघाला नव्हता. आईची संमती पुरेशी मानावी का, जेल पॉलिश (दिव्याखाली घट्ट होणारे) आणि एक्स्टेंशन (नखाची लांबी वाढवणे) यांत या दृष्टीने फरक करावा का, आणि नकार दिला तर त्या मुलीच्या हाती दुसरे काय द्यावे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे. लग्नसराईत एक पूर्ण सेट गेला म्हणजे १,५०० रुपये गेले, हे माझ्या सहकारी मुलीचे म्हणणेही मी नाकारत नाही. तिचा पगार त्यातूनच निघतो.

नाशिकची_प्रशिक्षिका

ताई, तुम्ही योग्य तेच केले. मी बारा वर्षे हे काम करते आहे आणि त्यातली सहा वर्षे मुलींना शिकवते आहे. माझ्याकडचा नियम असा आहे की सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत अ‍ॅक्रिलिक नाही, जेल नाही, टिप लावून लांबी वाढवणे नाही. आई सोबत असली तरी नाही. सोळा ते अठरा या वयात आई समोर बसलेली असेल, नखे निरोगी असतील आणि लांबी बोटाच्या टोकाच्या फारशी पुढे जाणार नसेल, तरच मी हात लावते.

याची कारणे मी विद्यार्थिनींना टेबलावरच दाखवते. प्रौढ माणसाचे नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि लहान वयात ते त्याहून पातळ आणि लवचिक असते. त्याला वरचा थर नीट धरावा म्हणून आपण ते बफरने खरखरीत करतो, त्यातले तेल आणि ओल काढून घेतो आणि वर प्रायमर, म्हणजे थर धरून ठेवणारा द्रव लावतो, ज्याच्या काही प्रकारांत त्वचेला पोळवणारे मेथॅक्रिलिक आम्ल असते. जाड नखाला हे सोसते. पातळ नखाच्या बाबतीत एखाददुसरा हात जास्त फिरला तरी गिऱ्हाईक "गरम लागते" म्हणून बोट मागे घेते. ड्रिल मशीन नवशिक्या हातात असेल तर नखावर आडवी तांबडी कड उमटते आणि ती पुढे सरकत सरकत टोकाला जाऊन कापली जाईपर्यंत पाच-सहा महिने दिसत राहते.

दुसरी गोष्ट तरफेची आहे. लांब टिपेच्या टोकाला धक्का बसला की सगळा जोर जिथे नख मांसाला चिकटलेले असते तिथे येतो. कृत्रिम थर मजबूत आणि खालचे नख कोवळे असले की तुटते ते खालचे, आणि कधी कधी आख्खे नख मांसापासून सुटून वर येते. कबड्डीच्या नियमांत खेळाडूंची नखे बारीक कापलेली असावीत असे सांगितले आहे ते उगाच नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही नखे एकदा बसवून संपत नाहीत. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट पडते, वजन पुढे सरकते आणि रिफिल करावे, म्हणजे ती फट भरून घ्यावी लागते. नोकरी करणारी बाई वेळ काढून येते. आठवीतल्या मुलीची चाचणी परीक्षा असते, हातखर्चाचे पैसे संपलेले असतात, शाळेत बाईंनी नखे पाहून दटावलेले असते. मग ती येत नाही. थर कडेने सुटतो, त्या फटीत आंघोळीचे पाणी साचते, स्युडोमोनास नावाचे जिवाणू तिथे वाढतात आणि नखावर हिरवा डाग पडतो. शेवटी एके दिवशी ती मागच्या बाकावर बसून कंपासच्या टोकाने थर उचकटून काढते आणि त्यासोबत स्वतःच्या नखाचे पापुद्रेही निघून येतात. मी पाहिलेले सर्वाधिक नुकसान नखे बसवताना झालेले नव्हते, ती अशी काढताना झालेले होते.

पलीकडच्या गल्लीतल्या कामाविषयी एक सांगून ठेवते. फारच स्वस्तात सेट मिळत असेल, द्रवाला नेहमीपेक्षा उग्र वास असेल, नख घासता घासत नसेल आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनही विरघळत नसेल, तर तिथे मिथाइल मेथॅक्रिलेट वापरले जात असण्याची दाट शक्यता असते. इजा आणि अ‍ॅलर्जीच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या द्रव्याच्या नखांसाठीच्या उत्पादनांवर १९७० च्या दशकातच कारवाई केली होती. चांगल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्याऐवजी इथाइल मेथॅक्रिलेट असते.

संमतीविषयी विचारलेत. मी संमतीपत्र भरून घेते, पण त्यावर विसंबून राहत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला करारच करता येत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीची सही कागदावर असली काय आणि नसली काय, सारखेच. आईने सही केली म्हणून आपल्या हातून झालेल्या हलगर्जीपणाची जबाबदारीही टळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार होऊ शकते. आईची संमती आवश्यक आहेच, पण हे नख हे काम सोसेल का, या प्रश्नाचे उत्तर आईने नव्हे, आपण द्यायचे असते.

दोन_मुलींची_आई

मी या व्यवसायातली नाही, पण वरचे वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, आणि मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

गेल्या मे महिन्यात माझी चौदा वर्षांची धाकटी मुलगी मैत्रिणींसोबत एका सलूनमध्ये जेल नखे करायला गेली होती. तिथे तिला चार लोकांदेखत "लहान मुलींचे करत नाही, मोठी झालीस की ये" एवढे सांगून परत पाठवले. का करत नाही, ते कोणी सांगितले नाही. तिने भाऊबीजेच्या ओवाळणीचे साठवलेले पैसे काढले आणि ऑनलाइन एक संच मागवला. त्यात मुठीत मावेल एवढा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा दिवा होता, सात-आठ बाटल्या होत्या आणि माहितीपत्रकावर अक्षरे इतकी बारीक होती की मला चष्मा लावूनही ती वाचता आली नाहीत. अभ्यासाच्या नावाखाली दार लावून ती स्वतःची आणि मैत्रिणींची नखे करत होती, हे मला फार उशिरा कळले.

आधी तिच्या डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. सकाळी उठली की डोळे उघडत नसत, पापण्यांची कातडी लाल आणि कोरडी झालेली असे. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, थेंब घातले, उशीचे अभ्रे बदलले, साबण बदलला. तीन आठवडे असेच गेले. मग एकदा लिंबू पिळताना ती कळवळली म्हणून मी तिची बोटे हातात घेऊन पाहिली. पेरांच्या टोकांची कातडी जाड होऊन वाळलेल्या चिखलासारखी भेगाळली होती आणि दोन नखे कडेने पांढरी होऊन सुटली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली आणि ही मेथॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले. ती जन्मभर राहील, हे ऐकल्यावर माझी मुलगी दवाखान्यातच रडायला लागली. मला तिच्यावर रागावायचे होते, पण रागावता आले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नुसते दार बंद केल्याने मुली थांबत नाहीत, त्या दुसऱ्या दाराने जातात, आणि त्या दारापलीकडे त्यांना सांगणारे कोणीच नसते. त्या दिवशी सलूनमधल्या बाईंनी तिला दहा मिनिटे बसवून नीट समजावले असते, तर कदाचित तो संच घरात आला नसता. कधी कधी असेही वाटते की त्यांनी स्वतःच, जाणत्या हाताने, तिची नखे करून दिली असती तर हे टळले असते. हे माझे वाटणे चुकीचे असेल तर जाणकारांनी तसे स्पष्ट सांगावे.

त्वचारोगतज्ज्ञ_पुणे

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झाले त्याची दिशाभूल करणारी सुरुवात आमच्या ओळखीची आहे. पापण्यांची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते आणि आपण नकळत दिवसातून कित्येक वेळा डोळ्यांना हात लावतो. त्यामुळे दोष बोटांत असतो आणि तक्रार डोळ्यांतून येते. तीन आठवडे उशीर झाला याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

अ‍ॅलर्जी नेमकी कशी होते, ते समजले की वयाचा प्रश्नही सोपा होतो. जेल किंवा अ‍ॅक्रिलिक पूर्ण घट्ट झाल्यावर त्याचा त्वचेला फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो घट्ट होण्याआधीच्या सुट्या रेणूंचा, म्हणजे मोनोमरचा. ते नखाशेजारच्या कातडीला लागले, किंवा दिवा त्या जेलला साजेसा नसल्याने थर आतून कच्चा राहिला, की हे रेणू त्वचेत शिरतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागते. ही ओळख पुसता येत नाही. आणि हीच रसायने फक्त नखांत नसतात. दातांत भरायच्या पांढऱ्या सिमेंटमध्ये ती असतात, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरल्या जाणाऱ्या अस्थि-सिमेंटमध्ये असतात, मधुमेहींच्या दंडावर लावायच्या साखरमापक सेन्सरच्या चिकटपट्टीत त्याच कुळातली द्रव्ये सापडतात. चाळिशीतल्या बाईला ही अ‍ॅलर्जी झाली तरी वाईटच, पण चौदाव्या वर्षी झाली तर दातांची बहुतेक दुरुस्ती अजून पुढे असते. तुमच्या मुलीच्या दंतवैद्यांना हे आजच लेखी कळवून ठेवा. पर्याय असतात, फक्त त्यांना आधी माहीत असावे लागते.

युरोपीय संघाने २०२१ पासून नखांच्या उत्पादनांतील हेमा हे मेथॅक्रिलेट केवळ व्यावसायिकांनीच वापरावे असे बंधन घातले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या घटकावर सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंदी आणली. घरगुती संच विकत घेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की युरोपात ज्या बाटलीवर "केवळ व्यावसायिक वापरासाठी" असे छापावे लागते, तशीच बाटली आपल्याकडे शाळकरी मुलीच्या टेबलावर येऊ शकते.

दिव्याच्या अतिनील किरणांविषयी पालक फार घाबरून विचारतात. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा दिव्याखाली पेशी ठेवून पाहिल्या तेव्हा त्यांच्या डीएनएला इजा झालेली आढळली. त्या प्रयोगशाळेतल्या पेशी होत्या, माणसाचे हात नव्हते, त्यामुळे एका लग्नासाठी केलेल्या जेलने कर्करोग होतो असा अर्थ काढू नये. मात्र चौदाव्या वर्षापासून दर तीन आठवड्यांनी हात दिव्याखाली घालायची सवय लावायची का, हा विचार जरूर करावा. प्रौढांनाही मी बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालून बसायला सांगतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. घरच्या संचापेक्षा जाणता हात निश्चित सुरक्षित, पण त्यावरून सलूनने चौदाव्या वर्षी नखे करून द्यावीत असे निघत नाही. एकदा सलूनमध्ये केलेली नखे तीन आठवड्यांनी उखडली असती आणि पैसे नसल्याने संच तरीही घरात आला असता. वयाच्या सोळाव्या वर्षी त्वचेत काही जादू होत नाही, हे मी मान्य करतो. पण पहिला संपर्क जितका पुढे ढकलाल तितका एकूण संपर्क कमी होतो, आणि खाज सुटली तर थांबायचे असते हे समजण्याइतकी ती मुलगी मोठी झालेली असते. लहानपणापासून इसब किंवा दमा असलेल्या आणि नखे कुरतडणाऱ्या मुलींना तर सोळानंतरही नकारच द्यावा. दातांखाली जाणारा थर पोटात जातो आणि ओठांनाही तोच त्रास होतो.

मूळ प्रश्नात मेंदीचा उल्लेख आला आहे, म्हणून एक विषयाला धरूनच सांगतो. साधी मेंदी लावा, पण लग्नांत झटपट रंगणारी "काळी मेंदी" लावतात तिच्यात बहुधा केसांच्या काळ्या कलपातले पीपीडी मिसळलेले असते, आणि तिने लहानपणी अ‍ॅलर्जी झालेली मुलगी पुढे आयुष्यात कलप लावू शकत नाही. नखांचे गणित अगदी तेच आहे.

बर्मिंगहॅमहून

मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षे इथे नखांचे काम करते. माझ्या व्यवसाय-विम्याच्या अटींतच लिहिले आहे की सोळा वर्षांखालील व्यक्तीला कृत्रिम नखे बसवली आणि काही झाले तर विमा कंपनी जबाबदार नाही. त्यामुळे मला कोणाशी वाद घालावा लागत नाही. अटीचा कागद दाखवला की पालक समजून घेतात. ठाण्याच्या ताईंनी स्वतःचा नियम छापून आरशाशेजारी लावावा, एवढेच सुचवते. तोंडी नकार हा त्या मुलीला वैयक्तिक वाटतो, भिंतीवरचा नियम सगळ्यांना सारखा असतो.

नखकार_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः दोन मुलींच्या आईंचे, कारण माझ्या दारातून वळून पाहणारी ती मुलगी त्यांचे लिहिणे वाचताना सतत डोळ्यांसमोर होती. मी तिच्या आईशी बोलले, तिच्याशी बोललेच नव्हते.

आम्ही दोघींनी बसून असे ठरवले आहे. सोळा वर्षांखाली अ‍ॅक्रिलिक, जेल, जेल पॉलिश आणि एक्स्टेंशन नाही, हे मराठीत छापून टेबलाशेजारी लावणार आहोत. त्यांच्यासाठी वेगळी सेवा ठेवणार आहोत: नखांना आकार, बदामाच्या तेलाची मालिश, साधे पॉलिश आणि त्यावर हाताने काढलेली बारीक नक्षी. माझी सहकारी एका नखावर पैठणीचा मोर काढते, तो लांब नखाशिवायही सुरेख दिसतो. लग्नाच्या एका संध्याकाळीपुरती कोणाला लांबी हवीच असेल, तर चिकटपट्टीवर बसणारी आणि रात्री कोमट पाण्यात निघणारी तयार नखे मापात घासून देऊ. आणि प्रत्येक मुलीला, तिच्या आईला नव्हे, दहा मिनिटे बसवून कारण सांगू.

एक शंका राहिली. पलीकडच्या गल्लीत नखे बसवून घेतलेली तेरा वर्षांची मुलगी उद्या रिफिलसाठी माझ्याकडे आली, तर काय करावे?

त्वचारोगतज्ज्ञ_पुणे

तयार नखांविषयी एक सावधगिरी. चिकटपट्टीच वापरा, त्यासोबत येणारी डिंकाची नळी घरी देऊ नका. त्यातले सायनोअ‍ॅक्रिलेट सुती कपड्यावर सांडले की तत्काळ तापते आणि कापडाखालची कातडी भाजते. सुती सलवारीवर ती नळी फुटून मांडी भाजलेली मुलगी मी तपासली आहे.

नाशिकची_प्रशिक्षिका

रिफिल करू नका, पण काढून देणे कधीही नाकारू नका आणि शक्य असेल तर त्याचे पैसे घेऊ नका. उचकटायचे नाही. लांबी आधी कापून टाका, वरचा जाड थर हाताच्या फाइलने कमी करा, ड्रिल लावू नका. बोटांच्या कातडीला व्हॅसलीन लावून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवा, वर फॉइल गुंडाळा आणि पंधरा मिनिटे थांबा. मऊ झालेला थर लाकडी काडीने हलकेच ढकलला तर निघतो. नाही निघाला तर पुन्हा गुंडाळा, जोर लावू नका. द्रव्य मिथाइल मेथॅक्रिलेट असेल तर ते या रीतीने सुटणार नाही. मग शक्य तितके पातळ घासून सोडून द्या आणि नखासोबत वाढून पुढे येऊ द्या. शेवटी नखे बारीक कापून तेल लावा आणि तिला पुढच्या महिन्यात नुसती नखे दाखवायला बोलवा. त्या पंधरा मिनिटांत तिचे दोन्ही हात फॉइलमध्ये असतात आणि तिला मोबाइलही धरता येत नाही, तेव्हा जे सांगायचे ते सांगून घ्या.